विहीर आहे, झाडं आहेत, मग इटू आबा 'खडक' कसा?

प्रश्न विचारणारे स्पर्धा परीक्षेची तयारी करताहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: दक्षिण चीन समुद्रातल्या स्प्रॅटली समूहात इटू आबा नावाचं प्रवाळ बेट आहे, तैवानच्या ताब्यात. त्यावर गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, नारळ-पपई आहे, धावपट्टी आहे, दवाखाना आहे. तरी 2016 च्या हेगच्या निवाड्यात त्याला 'खडक' म्हटलं. मग ते बेट की खडक? आणि समुद्राची पातळी वाढतेय, तर भांडण मिटायच्या आधी बेटच बुडेल का?

यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. 'बेट की खडक' हा वकिलांचा प्रश्न आहे, 'बुडेल का' हा आमच्यासारख्यांचा. दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज दिसतो, तो म्हणजे प्रवाळ बेट ही जमीन आहे. मुंबईसारखी, घारापुरीसारखी, खाली कातळ असलेली जमीन. तो गैरसमज आधी काढू, मग दोन्ही उत्तरं सोपी जातील.

आधी माझी बाजू सांगतो. मी वकील नाही. सागरी भूविज्ञानात तीस वर्षं काढली, त्यातली निम्म्याहून जास्त लक्षद्वीपच्या प्रवाळांवर. इटू आबावर मी पाय ठेवलेला नाही. तिथे तैवानच्या तटरक्षक दलाचा पहारा असतो आणि हौस म्हणून कुणी जाऊ शकत नाही. पण नकाशा उघडा. लक्षद्वीपची राजधानी कवरत्ती साधारण 10 अंश 34 मिनिटं उत्तर अक्षांशावर, इटू आबा 10 अंश 23 मिनिटांवर. जवळपास एकाच रेघेवर. दोन्हीकडे वर्षातून दोनदा वारा फिरतो, दोन्हीकडे बेट प्रवाळाच्या कड्यावर, म्हणजे रीफवर, बसलेलं. वाळू, पाणी आणि लाटा यांचे नियम काही पासपोर्ट बघून बदलत नाहीत. त्यामुळे पुढे जे सांगतो ते बरंचसं लक्षद्वीपमध्ये शिकलेलं आहे. इटू आबाला ते जिथे वेगळं लागू होतं तिथे तसं सांगेन.

जागा नीट समजून घ्या. टिझार्ड बँक नावाचं एक मोठं प्रवाळकंकण आहे: मधे लगून, म्हणजे उथळ पाण्याचं तळं, कडेने कुठे बुडालेला, कुठे ओहोटीला उघडा पडणारा कडा. या कंकणाच्या वायव्य टोकाला इटू आबा. लांबी सुमारे 1.4 किलोमीटर, रुंदी पावणेचारशे मीटरच्या आसपास, क्षेत्रफळ ढोबळमानाने अर्धा चौरस किलोमीटर. रुंदीच्या बाजूने चालत गेलात तर पाच मिनिटांत पलीकडचा समुद्र. उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम चारेक मीटर. आणि तरीही स्प्रॅटलीतलं हे सगळ्यात मोठं नैसर्गिक बेट! याच कंकणावर नामयित आणि सँड के ही बेटं व्हिएतनामकडे आहेत, आणि गेव्हन रीफवर चीनने 2014 मध्ये भराव टाकून तळ उभारला. म्हणजे एकाच वाड्यात तीन भाऊबंद, प्रत्येकाची वेगळी चूल आणि सगळे सामायिक अंगणावर हक्क सांगणारे. फिलिपाइन्सचाही दावा आहे, पण या कंकणावर त्यांची चूल नाही.

आता मुद्द्याचं. या बेटाला नदी नाही, डोंगर नाही, कातळ नाही. मग वाळू आली कुठून?

आम्ही फिरतीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची छोटी बाटली जवळ बाळगायचो. नवीन मुलं आली की त्यांना एक खेळ करून दाखवायचो. काचेच्या एका बशीत रत्नागिरीकडच्या पुळणीवरची चिमूटभर वाळू, दुसऱ्या बशीत कवरत्तीची. दोन्हींवर आम्लाचे थेंब. रत्नागिरीची वाळू थोडी फसफसते, कारण तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो. पण काळे-तपकिरी कण तसेच राहतात. ते सह्याद्रीतून आणि किनाऱ्याच्या कातळातून आलेले. कवरत्तीची वाळू मात्र फसफसत राहते आणि फेस बसल्यावर बशीत जवळजवळ काहीच उरत नाही. सगळी चुनखडी, आणि तीही कुणाच्या ना कुणाच्या अंगाची. भिंगाखाली बघितलं तर प्रवाळाचे तुकडे, शंख-शिंपल्यांचे कण, हॅलिमेडा नावाच्या चुनखडी साठवणाऱ्या शेवाळाच्या चकत्या, आणि फोरामिनिफेरा या एकपेशीय जिवांची चांदणीसारखी कवचं. इटू आबाची वाळू याच जातकुळीची.

हा चुरा करतं कोण? लाटा करतात, समुद्री साळू करतात, पण मोठं गिऱ्हाईक म्हणजे पोपटमासा. पोपटासारखी चोच असते, तिने प्रवाळाचा पृष्ठभाग कुरतडतो, शेवाळ पचवतो आणि उरलेली चुनखडी बारीक दळून मागच्या दाराने सोडून देतो. मालदीवमधल्या वाक्करू बेटाभोवती 2015 मध्ये मोजमाप झालं तेव्हा नव्याने तयार होणाऱ्या वाळूपैकी 85 टक्क्यांहून जास्त एकट्या पोपटमाशाची निघाली. पर्यटक ज्या पांढऱ्याशुभ्र वाळूत लोळतात ती बहुतांशी काय असते, हे मी जेवणाच्या पंगतीत सांगायचं टाळतो.

तर प्रवाळ बेट म्हणजे एक चालू खातं आहे. कडा जिवंत असेल तर रोज थोडी वाळू जमा होते. लाटा, वादळं, प्रवाह रोज थोडी खर्च करतात. शिल्लक म्हणजे बेट. वाळूचा हा कारखाना, म्हणजे कडा, बंद पडला तरी बेट लगेच नाहीसं होत नाही, कारण जुनी पुंजी असते. पण ते पुंजीवर जगायला लागतं.

कडा कशावर उभा आहे हे थोडक्यात सांगतो, कारण परीक्षेत हमखास चूक होते. डार्विनने 1842 मध्ये मांडलं की ज्वालामुखीचं बेट हळूहळू खचतं, प्रवाळ वर वाढत राहतं आणि शेवटी कंकण उरतं. 1952 मध्ये पॅसिफिकमधल्या एनेवेटाकवर जवळजवळ चौदाशे मीटर खोल भोक पाडल्यावर खाली खरोखर ज्वालामुखीचा दगड लागला. स्प्रॅटलीची गोष्ट मात्र वेगळी आहे. दक्षिण चीन समुद्र साधारण सव्वातीन कोटी ते दीड कोटी वर्षांपूर्वीच्या काळात उघडत गेला, तेव्हा आशियाच्या काठचा भूखंडाचा पापुद्रा ताणून तुटला. त्या तुकड्यांच्या उंच कडांवर प्रवाळ रुजलं. खाली ज्वालामुखी नाही, ताणलेला भूखंड आहे. वरचं बेट मात्र अगदी अलीकडचं, काही हजार वर्षांचं. आपल्या विजयदुर्ग-मालवणसमोर शंभरेक किलोमीटर आत आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची. तिथेही सुंदर प्रवाळ आहे, पण माथा वीसेक मीटर पाण्याखाली. पृष्ठभागापर्यंत कडा पोचलेला नाही, म्हणून बेट नाही.

शिल्लक मोजताना माझीच एकदा फजिती झाली, ती सांगण्यासारखी आहे. लक्षद्वीपच्या एका निर्मनुष्य बेटावर मी एप्रिलमध्ये खुंट्या ठोकून किनाऱ्याची मापं घेतली. पावसाळा संपल्यावर परत गेलो तर पश्चिमेच्या दोन खुंट्या समुद्रात आणि बारा-तेरा मीटर पुळण गायब. मी तावातावाने अहवाल लिहिला: गंभीर धूप, तातडीने उपाय हवा. आमची होडी चालवणारे वयस्कर गृहस्थ मोडक्या हिंदीत एवढंच म्हणाले, "साहब, जनवरी में आना." गेलो. वाळू बऱ्यापैकी परत आली होती! नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यात ती पूर्वेच्या बाजूला सरकली होती, वारा फिरल्यावर परतली. माझ्या अहवालावर कार्यालयात पुढे दोन वर्षं चहाच्या वेळी विनोद झाले. तेव्हापासून वेगवेगळ्या मोसमांतल्या दोन फोटोंवरून बेट वाढतंय की बुडतंय हे सांगणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवत नाही. स्प्रॅटलीतही वारे सहा महिन्यांनी दिशा बदलतात, तिथले वाळूचे दांडे असेच इकडून तिकडे सरकतात.

मग बुडेल का? सरसकट 'हो' म्हणणारे आणि सरसकट 'नाही' म्हणणारे, दोघेही घाई करतात. पॅसिफिकमधल्या 27 बेटांचे जुने हवाई फोटो आणि नवी उपग्रहचित्रं ताडून 2010 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 86 टक्के बेटं होती तेवढीच राहिलेली किंवा थोडी वाढलेली निघाली. तुवालूचं एकूण क्षेत्रफळ 1971 ते 2014 या काळात समुद्र चढत असतानाही 2.9 टक्क्यांनी वाढलं. दुसरीकडे लक्षद्वीपच्या बंगारम कंकणावरचं पराली-1 हे छोटं बेट 1968 मध्ये 0.032 चौरस किलोमीटर होतं. ते पूर्ण झिजून गेलं. म्हणजे समुद्र तोच चढतोय, पण निकाल वेगवेगळे. कारण पातळी हा हिशेबातला एकच आकडा आहे. कड्यावर जिवंत प्रवाळ किती, पोपटमासा उरलाय का, लाटा कुठल्या बाजूने फुटतात, किनाऱ्यावर झाडोरा आहे की भिंत, लगूनमधून कुणी वाळू उपसतंय का, यावर ते ठरतं. बेट लहान असलं की चूक सोसायची ताकद कमी, एवढं मात्र खरं.

आणि प्रवाळाची तब्येत सगळीकडेच बिघडतेय. समुद्र नेहमीपेक्षा एखादा अंश जास्त तापून काही आठवडे तसाच राहिला की प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. 1998 मध्ये लक्षद्वीपमध्ये मी ते पहिल्यांदा पाहिलं. होडीतून वाकून बघितलं तर खाली बर्फ पडल्यासारखं दिसत होतं. पुढे 2010 आणि 2016 ला पुन्हा तेच. फांद्यांचं प्रवाळ वर्षाला दहा सेंटिमीटरसुद्धा वाढतं, पण अख्खा कडा उंचीने वर्षाला काही मिलिमीटरच चढतो, तोही धडधाकट असेल तर. समुद्र आत्ता वर्षाला चार मिलिमीटरच्या आसपास चढतोय. शर्यत चुरशीची आहे, आणि आजारी धावपटू ती जिंकत नाही.

आता विहिरीकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नाचा सगळा भर तिच्यावर आहे.

चारी बाजूंनी खारं पाणी, खाली चाळणीसारखी सच्छिद्र चुनखडी, आणि मधे गोडं पाणी. हे राहतं कसं? मिसळीच्या रश्शावर तवंग तरंगतो तसं. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि हलकं असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. मधे जाड, कडेला पातळ, भिंगाच्या आकाराचा थर. पुस्तकी नियम असा की समुद्रसपाटीच्या वर एक हात गोडं पाणी साचलं तर खाली चाळीस हात साचतं, कारण दोन्ही पाण्यांच्या घनतेत अडीच टक्क्यांचा फरक आहे. प्रत्यक्षात भरती-ओहोटी तळातून सतत ढवळत असते, म्हणून थर त्याहून बराच पातळ असतो. बेट अगदी अरुंद असेल तर थर जमतच नाही. पावणेचारशे मीटर ही काठावर पास होणारी रुंदी आहे. म्हणून इटू आबावर विहिरी आहेत आणि आसपासच्या वाळूच्या दांड्यांवर नाहीत. 1860 च्या दशकात ब्रिटिशांचं 'रायफलमन' जहाज या भागाची मोजणी करत होतं, तेव्हाच्या नोंदीत हैनान या चिनी बेटावरचे कोळी या बेटांवर ये-जा करतात आणि इटू आबाच्या विहिरीचं पाणी इतर ठिकाणांपेक्षा चांगलं आहे असं स्पष्ट लिहिलंय. तेव्हा विहिरीबद्दल कुणी थाप मारत नाही.

पण तवंग जपून काढावा लागतो. लक्षद्वीपमधल्या मिनिकॉयला जुन्या विहिरी उथळ असतात आणि लांब काठीला बांधलेल्या डब्याने पाणी वरच्यावर काढतात. आम्ही त्यावर हसायचो. मग दुसऱ्या एका बेटावर, आम्ही उतरायचो त्या विश्रामगृहाच्या विहिरीवर कुणीतरी अर्ध्या अश्वशक्तीची मोटर बसवली. टाकी भरायला लागली, फवारे आले, सगळे खूश. दोन-तीन महिन्यांत सकाळचा चहा खारट लागायला लागला. मोटरने वरचा थर ओढला आणि खालचं खारं पाणी सुळक्यासारखं वर आलं. मोटर काढली तरी विहीर पूर्ववत व्हायला अख्खा पावसाळा गेला. विहिरीतलं पाणी किती 'आहे' हा प्रश्नच चुकीचा असतो. रोज किती काढलं तर ते गोडं राहील, हे विचारायचं. पुढे 2005 मध्ये कवरत्तीला समुद्राच्या पाण्यापासून रोज एक लाख लिटर गोडं पाणी करणारा प्रकल्प उभारावा लागला, तो उगाच नाही.

इथवर दोन गोष्टी पदरात पडल्या: वाळू कड्यातून येते, आणि पाणी पावसातून येऊन वाळूत तरंगतं. दोन्ही रोजच्या रोज कमावलेलं. आता कायद्याकडे.

एक लक्षात घ्या: 'हेगचा निवाडा' म्हटलं तरी ते न्यायालय नव्हतं, समुद्री कायद्याच्या करारानुसार नेमलेला पाच सदस्यांचा लवाद होता. खटला फिलिपाइन्सने चीनविरुद्ध आणलेला. चीनने कामकाजात भाग घेतला नाही आणि निवाडाही मानला नाही. तैवान पक्षकारच नव्हता, त्यानेही तो नाकारला. 12 जुलै 2016 ला निवाडा आला. बेट कुणाच्या मालकीचं हे लवादाने ठरवलंच नाही, तो त्याचा अधिकारच नव्हता. त्याने ठरवलं ते एवढंच की या जागेमुळे मालकाला, मग तो कुणीही असो, किती समुद्र मिळेल.

कराराच्या 121 व्या कलमात बेटाची व्याख्या साधी आहे: नैसर्गिकरीत्या तयार झालेली, चारी बाजूंनी पाणी असलेली आणि भरतीलाही वर राहणारी जमीन. त्या अर्थाने इटू आबा बेटच आहे, कुणी नाकारलेलं नाही. मेख तिसऱ्या पोटकलमात आहे. जे खडक मानवी वस्ती किंवा स्वतःचं आर्थिक जीवन पेलू शकत नाहीत, त्यांना 200 सागरी मैलांचं अनन्य आर्थिक क्षेत्र, म्हणजे मासे आणि तेल-वायूवर एकट्याचा हक्क असलेला समुद्र, मिळत नाही. फक्त 12 सागरी मैलांचा प्रादेशिक समुद्र मिळतो. 'खडक' हा इथे कायद्याचा शब्द आहे. त्याचा दगडाशी संबंध नाही; वाळूचं बेटही 'खडक' ठरू शकतं. तुमचा अर्धा गोंधळ या एका शब्दाने केलाय.

फरक किती पडतो ते बघा. 12 सागरी मैल त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे साधारण 1,550 चौरस किलोमीटर. 200 मैलांचं वर्तुळ म्हणजे जवळपास 4 लाख 31 हजार चौरस किलोमीटर. अख्खा महाराष्ट्र 3 लाख 8 हजार चौरस किलोमीटरचा आहे. अर्थात हे कागदावरचं वर्तुळ; आजूबाजूच्या देशांचे किनारे जवळ असल्याने पूर्ण कुणालाच मिळालं नसतं. पण अर्ध्या चौरस किलोमीटरवर एवढं पणाला लागलेलं असेल तर लोक वाळूच्या कणाकणासाठी का भांडतात हे कळतं.

निवाड्याआधी तैवानने बराच आटापिटा केला. जानेवारी 2016 मध्ये राष्ट्राध्यक्ष मा यिंग-जिऊ स्वतः बेटावर गेले. नंतर पत्रकारांना नेऊन विहिरी, भाजीपाला, कोंबड्या, शेळ्या दाखवल्या. लवादाच्या सदस्यांनाही या म्हणून बोलावलं; ते गेले नाहीत. लवादाने पाणी आहे, थोडंफार पिकतं हे मान्य केलं. पण त्याचा सवाल वेगळा होता: बाहेरची मदत काढून घेतली तर इथे लोक घरदार करून राहिले असते का, आणि इतिहासात कधी राहिलेत का? हैनानचे कोळी मोसमापुरते यायचे आणि घरी जायचे. 1920 च्या दशकात जपानी कंपन्यांनी पक्ष्यांच्या विष्ठेचं खत खणून नेलं, फायदाही सोबत नेला. आजचे दीड-दोनशे लोक नोकरीवर पाठवलेले. याला लवादाने वस्ती म्हटलं नाही.

माझं मत विचाराल तर निष्कर्ष मला पटतो, पण तिथवर जायची वाट पूर्ण पटत नाही. लक्षद्वीपचं बित्रा बघा. जमीन जेमतेम 0.1 चौरस किलोमीटर, इटू आबाच्या पाचव्या हिश्श्याएवढी. 2011 च्या जनगणनेत 271 माणसं. घरं, शाळा, मशीद, मासेमारी, लग्नकार्यं, भांडणं, सगळं आहे. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथेही कायमची वस्ती नव्हती, कोळी येऊन-जाऊन असायचे. म्हणजे 'आधी कुणी राहिलं नाही' यावरून 'कुणी राहूच शकत नाही' असं सिद्ध होत नाही. पण बित्राला तांदूळ आणि डिझेल जहाजाने येतं हेही खरं, आणि त्याच्या इवल्याशा जमिनीमागे सुमारे 45 चौरस किलोमीटरचं लगून उभं आहे. माणसं पोसतं ते लगून. लवादाने जमीन मोजली, पाणी मोजलं, पिकं मोजली. भोवतीच्या कड्याचा आणि लगूनचा हिशेब त्याच प्रश्नात घेतला असता तर मला जास्त आवडलं असतं.

पर्यावरणाच्या भागात मात्र त्याने तो घेतला, आणि या निवाड्यातला तोच भाग सगळ्यात कमी वाचला जातो. प्रवाळतज्ज्ञांचा अहवाल मागवून लवादाने म्हटलं की चीनने सागरी पर्यावरण जपण्याची जबाबदारी मोडली. 2013 नंतरच्या दोन-तीन वर्षांत चीनने स्प्रॅटलीतल्या सात कड्यांवर साधारण 13 चौरस किलोमीटर भराव टाकला. त्यासाठी ड्रेजरने कड्यावरची आणि लगूनमधली वाळू कापून, शोषून वर फेकली. म्हणजे खात्यातली मुदत ठेव मोडून घराला रंग दिला. त्यातून उठलेला गाळ आसपासच्या प्रवाळावर बसतो आणि ते गुदमरतं. त्याआधी महाकाय शिंपल्यांसाठी छोट्या होड्यांचे पंखे कड्यावर घासून प्रवाळ फोडण्याचा उद्योग झाला होता; शिंपला मोकळा होतो, कडा नांगरल्यासारखा होतो. गंमत म्हणजे या भरावाने कायद्यात काहीच मिळत नाही. दर्जा ठरतो तो मूळ नैसर्गिक अवस्थेवरून. कृत्रिम बेटाला स्वतःचा प्रादेशिक समुद्रही नसतो.

दोष एकट्या चीनचा नाही. इटू आबावर 2008 पासून विमानं उतरताहेत. धावपट्टी सुमारे 1,200 मीटर, बेट 1,400 मीटर. बेटाच्या जवळजवळ पूर्ण लांबीभर. पाण्याचं भिंग सगळ्यात जाड असतं ते याच मधल्या पट्ट्यात, आणि पाऊस मुरायला हवा तो नेमका इथेच. जिथे डांबर-काँक्रीट आहे तिथे मुरणं थांबतं. पुढे धक्का आणि बंदर वाढवलं, मोठी गस्तनौका लागावी म्हणून. प्रत्येक धक्का किनाऱ्याने सरकणारी वाळू अडवतो: एका बाजूला साचते, दुसऱ्या बाजूला उपाशी किनारा. हिरवी कासवं या बेटावर अंडी घालायला येतात, आणि तैवान त्यांचं रक्षण करतं हे मान्य करायला हवं. पण कासविणीला हवी मोकळी, उतरती पुळण. सिमेंटच्या भिंतीशी ती परत फिरते.

या सगळ्याचं टोक बघायचं तर जपानचा ओकिनोतोरी नावाचा प्रवाळकडा. भरतीला खाटेएवढे दोन दगड उरतात. जपानने त्यांच्याभोवती काँक्रीटची आणि पोलादी ठोकळ्यांची कडी घातली, वर टायटॅनियमची जाळी बसवली, आणि त्यावरून 200 मैलांचा हक्क सांगितला. चीन आणि दक्षिण कोरिया तो मानत नाहीत. पण त्याच जपानी लोकांनी पुढे तिथे प्रवाळ रुजवण्याचे आणि फोरामिनिफेराची वाळू वाढवण्याचे प्रयोग सुरू केले. दगड काँक्रीटने टिकतो, बेट टिकत नाही, हे त्यांच्या अभियंत्यांना कळलेलं दिसतं.

तुम्हाला स्वतः पडताळायचं असेल तर फुकट मिळणारी उपग्रहचित्रं पुरेशी आहेत. एकच फोटो बघू नका. सलग काही वर्षांचे, तेही त्याच महिन्यातले लावा. हिरवळीची कड बघा, पांढऱ्या वाळूची नको. वाळू मोसमाप्रमाणे फिरते, झाडं फिरत नाहीत. भरतीची वेळ तपासा. धक्क्याच्या दोन्ही बाजू स्वतंत्र मोजा. पाण्यात दुधाळ पट्टा दिसला तर ड्रेजिंग चालू आहे का ते आधी बघा, मग वादळाला दोष द्या.

आणि शोधताना चारही नावं टाका: इटू आबा, तैवान आणि चीनचं तैपिंग, व्हिएतनामचं बा बिन्ह, फिलिपाइन्सचं लिगाव. 'तैपिंग' हे 1946 मध्ये बेट ताब्यात घ्यायला आलेल्या चिनी युद्धनौकेचं नाव. 'इटू आबा' मलय भाषेतल्या 'इतू आपा', म्हणजे 'ते काय?', यावरून पडलं असं सांगतात. एकाच नावाने शोधलंत तर एकाच बाजूचा मजकूर हाती लागेल.

कुठल्या वर्षांची चित्रं मिळाली ते कळवा, कड कशी आखायची ते त्यावरच दाखवतो.